बर्फाच्या पिशवीतली सुई

धंतोलीहून गोळीबार चौकापर्यंत
बर्फाच्या पिशवीत एक सुई नेतेय.
मे महिना, टळटळीत बारा,
ई-रिक्षाची सीट तव्यासारखी,
आणि माझ्या मांडीवर
अख्ख्या नागपुरातली एकच गार वस्तू.

"बर्फाला चिकटू देऊ नका, गोठली तर वाया,"
मेडिकलवाल्यानं बजावलंय.
उन्हानंही मरते, थंडीनंही मरते.
एवढ्या नाजूक जिवावर
माझ्या हेमराजचं काळीज टांगलंय.

एकोणतिसाव्या वर्षी
त्याच्या पापण्यांवर पिवळे ठिपके आले.
मी ओळखले. त्याच्या बापालाही होते.
आम्ही हसायचो,
लग्नाची हळद उतरलीच नाही म्हणून.
एकेचाळिसाव्या वर्षी रस्सा वाढता वाढता
तो खाली बसला
अन् उठला नाही.

तेराव्याला जाऊबाई बोलली होती,
"तुह्याच तर्रीनं खाल्लं त्याले."

एकोणीस वर्षं.
सावजीची खानावळ चालूच ठेवली, पोट होतं ना.
पण तेलाचा डबा तिरपा करताना
दरवेळी हात एकदा थांबायचा.
जुनी गिऱ्हाइकं म्हणायची,
काकू, तर्री पहिल्यासारखी नाही राहिली.

निमजे डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टच्या पाठीवर
यकृत काढलं, वांग्यासारखं.
त्याला बारीक बारीक हात काढले.
"रक्तातली चरबी हे हात आत ओढतात.
तुमच्या यजमानांच्या घराण्यात ते जन्मापासूनच कमी.
वर, आहेत ते हात तोडणारं एक द्रव्य अंगात फिरतं.
ही नवी सुई त्यालाच धरून ठेवते."
गोळ्या सुटणार नाहीत, म्हणाल्या. पथ्यही.
मग चष्मा काढून,
"पण हे तर्रीनं होत नाही, काकू.
हे पणजोबांकडून येतं."

मी जिन्यावर बसून राहिले.
रडू आलं नाही.
जाऊबाईला फोन लावावा वाटलं.
नंबर शोधताना आठवलं,
तिला जाऊन दोन वर्षं झाली.

पौर्णिमेला एक, अमावस्येला एक,
असा माझा हिशेब.
किंमत सांगत नाही.
पाटल्या कपाटात नाहीत, एवढंच.

चार सुयांनंतर आकडा
दोनशे नव्वदवरून पंच्याऐंशीवर आला.
हेमराज कागद नाचवत स्वयंपाकघरात.
"माय, आता तं वाढशील ना तर्री?"
मी अर्धी पळी ओतली.
"काहून, इतकीच?"
"इतकीच."

पण बाहेर, तीन नंबरच्या टेबलावर,
त्या जुन्या गिऱ्हाइकाच्या वाटीत
पळी काठोकाठ भरून ओतली,
हात न थांबवता.