एक मीटर किंवा पाच किलोमीटर

सप्टेंबरात तामुला तळ्यावर धुकं उतरतं
आणि माझ्या मशीनवर नवी सिस्टम.
दोन्ही न विचारता.
व्हरू गावातल्या तिसऱ्या मजल्यावर
राईच्या पावाचा अर्धा तुकडा बाजूला सारून
मी लाल ओळी मोजते : एकशे सेहेचाळीस.
काल रात्री एकही नव्हती.
मी कशालाच हात लावला नव्हता.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणे.
इथे तर घरच माझं नाही,
मी वाशाला टांगलेली एक वही.

वही पोळ्यांची आहे.
कोणत्या पेटीत राणी दिसली, अंडी कुठवर,
साखरपाणी केव्हा दिलं,
पांढऱ्या कागदावर किती गोचिड्या पडल्या.
तीनशे अकरा माणसं वापरतात.
त्यात एक न्यूझीलंडचा, त्याचे ऋतू उलटे,
म्हणून एका हिवाळ्यात मी अख्खं कॅलेंडर उसवून
पुन्हा उलटं शिवलं.
वर्षाकाठी प्रत्येकाकडून घेते
मधाच्या एका बरणीइतके पैसे.

पूर्वी मी रात्र जागून समारंभ बघायची.
काचेसारखी बटणं, गोल कोपरे,
टाळ्या वाजवणाऱ्यांच्या दातांचा उजेड.
आता फक्त शेवटचं पान वाचते,
जिथे बारीक अक्षरात असतं
यापुढे काय काय चालणार नाही.

कालबाह्य. किती सभ्य शब्द.
कुणी मेलं असं कुणी म्हणत नाही.
पिवळा त्रिकोण येतो, दोन वर्षं बसून राहतो,
मग एका सकाळी त्रिकोणही नसतो.
खणात सात जुने फोन आहेत.
दर रविवारी मी त्यांना चार्जिंगला लावते,
का, ते विचारू नका.

नऊच्या सुमारास हेल्यूबाईंचा फोन.
वय एक्क्याऐंशी, हान्याच्या टेकडीवर बावीस पेट्या.
"मारिका, माझं बटण गेलं."
गेलं नाही हो, वर सरकलंय, बोटभर.
खालची पट्टी आता सिस्टम स्वतःला ठेवून घेते.
"बोटभर? हातमोज्यातलं बोट केवढं असतं
बघितलंयस कधी? चिकानं माखलेलं?"

मग गप्प. पलीकडे माश्यांची गुणगुण,
किंवा नुसती फोनची खरखर.

"पेटी हलवायची तर एक मीटर,
नाहीतर सरळ पाच किलोमीटर.
थोडी हलवलीस तर माशी शोधून काढते.
लांब नेलीस तर सगळा मुलूख नव्याने शिकते.
अधल्यामधल्या अंतरावर ठेवलीस
की ती येते जुन्याच जागी,
आणि जिथे दार होतं त्या हवेत
घिरट्या घालत राहते.
संध्याकाळी गवतात मूठभर सापडतात.
झाडूनं गोळा केल्यात मी, एकदाच,
चौदा वर्षांची असताना."

सिस्टमनं केलं, मी नाही,
हे वाक्य तोंडात होतं. गिळलं.

पट्टी परत मिळणार नव्हती.
म्हणून पट्टीच्या वरचा पडद्याचा अर्धा भाग
मी एकच बटण करून टाकला.
कुरूप. चारचौघांत दाखवू नये असं.
डोळे मिटून थापट मारली तरी लागेल.
मंजुरीला पाठवलं, परत आलं :
चित्रं जुन्या मापाची आहेत.
चित्रं बदलली. परत आलं :
हे बटण नेमकं कशासाठी, खुलासा करावा.
मी लिहिलं, हातमोज्यांसाठी.
तिसऱ्या पहाटे चार दहाला होकार आला,
कुठल्या माणसानं दिला की कुठल्या यंत्रानं
कळायला मार्ग नाही.

दुपारी हेल्यूबाई.
नमस्कार नाही, आभार नाही.
"अकरा नंबरची पेटी. राणी दिसली नाही.
तुझ्या वहीत उतरलं का बघ."

उतरलं होतं.
थापट जरा जोरातच लागली असणार :
राणी दिसली नाही.
राणी दिसली नाही.
राणी दिसली नाही.

उतरलंय, म्हटलं.
बाकीचं उद्या बघते.