आडवा प्रश्न

चोपड्याचं कॉलेज, वरचा मजला,
मे महिन्यातला जादा तास.
लाइट गेलेली. खिडकीच्या जाळीला
कोणीतरी ओलं गोणपाट बांधलं होतं,
ते वाळून आता पत्र्यासारखं वाजतंय.

मी फळ्यावर चुंबकाची दोन टोकं काढते.
मधून चांदीचे अणू जातात, एकेक.
वर की खाली, एवढंच त्यांना विचारायचं.
मधलं उत्तर नाही.
'थोडंसं वर' नाही.
'बघू, कळवतो' नाही.

'बघू, कळवतो' मी सात वेळा ऐकलंय.
धरणगाव, पारोळा, शिरपूर दोनदा,
एक तर पार सुरतेहून आले होते.
कोड हनुवटीवरून मानेवर उतरलं त्या वर्षी
आई मला उजेडाकडे पाठ करून बसवायची.
पाहुणे बशीतलं संपवत
आणि सगळे एकाच दिशेने विचारत.

एकदा खाली आलेला अणू
त्याच दिशेने शंभरदा विचारा,
शंभरदा खालीच येतो.
हे मी मुलांना सांगते
आणि खडू बदलते.

आता चुंबक आडवं करा.
डावा की उजवा?
तो काहीतरी एक होतो. होऊ द्या.
मग पुन्हा जुनाच प्रश्न, उभा:
निम्मे वर येतात.
पहिलं 'खाली' त्यांनी कुठे लपवलेलं नसतं,
विसरलेलंही नसतं.
ते उरलेलंच नसतं.

मी चांदीचा अणू नाही.
माझं वजन बासष्ट किलो,
माझ्याकडे सातही बशा जशाच्या तशा आहेत.
हे शास्त्र माणसाला चिकटवू नका,
असं पहिल्याच तासाला मी बजावते.

तरी कधी रात्री स्वतःला आडवं विचारते:
तो बंद पडलेला ऑसिलोस्कोप कोणी उघडला गं?
पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगं
कधी उलटायचं, हे वासावरून कोणाला कळतं?
तापीत पुलाखाली पोहायला कोण शिकलं,
वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी,
गावातल्या बायका काठावर धुणं थांबवून बघत असताना?
नंतर आरशापुढे उभी राहते.
निम्म्या वेळा वर.
निम्म्या वेळा नाही.

सत्रासेनहून दोन गाड्या बदलून येणारी
रुमली पावरा शेवटच्या बाकावरून उठते.
"मॅडम, कोणी विचारलंच नाही,
तर मग तो कसा राहतो?"
घंटा व्हायला चार मिनिटं असतात.
"उद्या सांगते," म्हणते मी.
पुस्तकात सहा उत्तरं आहेत
आणि लिहिणाऱ्यांचं आपसात पटत नाही.

संध्याकाळी आईचा फोन.
पाणी आलं का, कूलरचं गवत बदललं का,
मग नेहमीचं, अहिराणीत:
"कशी शे व माय?"

बरी म्हणायचं असतं.
ओठावर तेच येतं, सवयीने.
पण रुमली अजून उभीच आहे बाकाशी.

"शे," म्हणते मी.
"मी शे."