उजवा हातमोजा

नवी आवृत्ती बाहेर पडली त्या मंगळवारी आम्ही केक कापला.
खिडक्यांचे कोपरे गोल झाले होते,
रंग निवले होते,
पडद्यावर इतकी मोकळी जागा
की कुणी बोललं तर घुमेल.

बुधवारपासून तक्रारी.
पार्नूच्या कुणा याकला ओळी मोजणारा आकडा हवा होता:
"चौदा वर्षं तो उजवीकडे खाली होता,
मी त्याच्याकडे न बघता बघायचो."
कुणी लिहिलं, राखाडीवर राखाडी अक्षरं,
हा मजकूर आहे की धुकं?
कुणी नुसतंच, का?
मी सगळ्यांना एकच उत्तर चिकटवत गेलो,
तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.
मोल किती, ते कुणी ठरवलं नव्हतं.

मार्चमध्ये मुहू बेटावरून पुडकं आलं.
आत कागद. पेनाने लिहिलेला, एकही खाडाखोड नाही.

"मी हेल्यू. वय एकाहत्तर.
विणकामाचे तक्ते तुमच्या प्रोग्रॅमवर काढते,
सात जणींना छापून देते.
दुसऱ्या यादीत, खालून चौथा, 'आरसा' होता.
उजव्या हाताची नक्षी काढायची, आरसा दाबायचा,
की डावा हात तयार.
नाताळात नातवाने पेन ड्राइव्हवरून तुमचं नवं घालून दिलं.
आता आरसा नाही.
सगळं उघडून पाहिलं, स्वयंपाक करपला त्यात.
मला डोक्यात उलटं करता येतं, आईने शिकवलंय.
माइमूला येत नाही. तिचा हा एक पाठवते.
डावा तुम्ही विणा."

हातमोजा भडक गुलाबी,
मनगटाशी नारिंगी पट्टा,
अंगठ्याखाली एक टाका निसटलेला
आणि पुढच्या ओळीत पकडून आणलेला.

ती बैठक मला आठवते.
भिंतीवर आलेख. 'आरसा' या शब्दापुढे आखूडशी काडी:
शंभरात दोन.
दोघांसाठी ही अडगळ कशाला, राइगो म्हणाला.
मी मान हलवली,
कारण खोलीतल्या सगळ्याच माना हलत होत्या
आणि कॉफी गार होत होती.

ती मोजणी इंटरनेटवरून येते.
हेल्यूचा कॉम्प्युटर कुठल्याच तारेला जोडलेला नाही.
म्हणजे त्या दोनांतही ती नव्हती.
शंभरातच नव्हती.
शंभराच्या बाहेर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी,
ती रोज दुसरी यादी उघडत होती,
खालून चौथं बोटाने ओळखत होती,
आणि आमची काडी
एका केसानेही वाढत नव्हती.

या हाताचं त्या हाताला कळू देऊ नये म्हणतात.
दानधर्माचं असेल तसं.
नक्षीचं नाही.
नक्षीचं त्या हाताला कळायलाच लागतं,
शेवटच्या टाक्यापर्यंत, उलटं करून.

मी नोंद घातली. प्राधान्य: तातडीचं.
दुपारी पाहिलं तर कुणी 'कमी' करून ठेवलेलं.
मी पुन्हा बदललं.
पुन्हा कुणी.
चहा घेऊन आलो तोवर
नोंदीवर नवा शिक्का होता: पुढच्या वर्षी पाहू.
हेल्यूला काय लिहायचं ते सुचेना.
मोलाचं मत तिच्या कागदाला चिकटेना.

संध्याकाळी बाहेर उणे नऊ.
निघताना हातमोजा चढवला, का कुणास ठाऊक,
माझ्या हाताला तो लहानच होता.
लिफ्टमध्ये एकटा होतो.
मागच्या भिंतीवरच्या काचेसमोर मी उजवा हात वर केला,
तर समोरच्या माणसाने डावा वर केला,
गुलाबी, नारिंगी पट्टा, अंगठा बरोबर जागेवर,
निसटलेला टाकासुद्धा.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं.
हिशेबखात्यातली एक मुलगी आत आली,
माझ्या हाताकडे पाहिलं,
मग दुसऱ्या, खिशातल्या हाताकडे.
म्हणाली, "सुंदर आहे.
दुसरा कुठाय?"