शिसं

सभा जुन्या शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये.
टेबलं घडी घालून भिंतीला लावलेली,
टोमॅटो सॉसचा वास मात्र कुणाला आवरता आला नव्हता.
मी मागे, कोपऱ्यात. तोंडाशी माइक,
चौतीस जणांच्या कानांत माझा आवाज.
तासाचे बावीस डॉलर.
माझी स्वतःची मुलगी याच सप्टेंबरात नववीला,
ते कुणी विचारलं नाही.

नियम असा की दुभाषीने
बोलणाऱ्याचा 'मी' उचलायचा
आणि आपला घरी ठेवून यायचा.

पडद्यावर नकाशा.
निळी रेघ कालव्याच्या काठाने शहाण्यासारखी येते
आणि आमच्या गल्लीपाशी अचानक वळते,
मिस्टर टोलेफसनच्या कोपराला कुणाचा धक्का लागल्यासारखी.
ओतिलिया म्हणाली,
थोरला बारावीला, तो जुन्या शाळेत. धाकटी नव्या.
गाडी एक. मी एक.
कुणी म्हणालं, बस पहाटे सव्वासहाला?
तेव्हा मी पॅकिंग शेडमधून सुटलेलीही नसते.
कुणी म्हणालं, पहिल्या वर्षी अकरावी-बारावीच नाही,
मग बँडमध्ये मोठा ढोल कोण उचलणार?
रसायनशास्त्राला मास्तर मिळाला का?
टोलेफसन म्हणतो, नोंद घेतली आहे.
मी ते स्पॅनिशमध्ये करते.
नऊ वेळा केलं.
दहाव्यांदा फ्लोरेंसिओने मान वळवून माझ्याकडेच पाहिलं,
नोंद जणू माझ्या पर्समध्ये आहे.

मग व्हर्लिन हास उठला.
ऐंशीच्या पुढचा, टोपी हातात.
जमीन त्याचीच होती, बेचाळीस एकर सफरचंद.
मला प्रश्न नाही, म्हणाला.
माझा बाप झाडांवर शिसं मारायचा. शिसं आणि सोमल.
आम्ही पोरं पाइप धरायचो.
पानं पांढरी व्हायची, आम्हीही.
ते विरघळत नाही, वाहून जात नाही.
तुमच्या मैदानाखाली वीतभरावर बसलंय.
विकताना मी सांगितलं होतं, कागदावर आहे.
कागद मोठ्याने कुणी वाचत नाही.

मी म्हणाले, प्लोमो.
दुसरा शब्दच नाही.
आमच्यात शिसं आणि बंदुकीची गोळी
एकाच नावाला ओ देतात.

हासिंता खुर्ची सरकवून उभी.
गोळ्या? शाळेत? कुणी आणल्या?
मी घाईघाईने, मातीतलं, बाई, मातीतलं,
जुन्या रंगात असायचं ते.
हो, कळलं, ती म्हणाली.
पण निघालाच आहे शब्द, तर त्या दुसऱ्याचंही विचार.
माझी मुलगी नववीला आहे.
दारं आतून लागतात का?

मी बटण दाबलं.
इंग्रजीत म्हणाले, माझी मुलगी नववीला आहे.
दारं आतून लागतात का?
नियम कुठे मोडला नाही.
फक्त घरी ठेवलेला 'मी'
मागच्या दाराने येऊन शेजारी बसला.

टोलेफसनने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
वरची फूटभर माती बदलली आहे, म्हणाला,
आणि दारांसाठी मुख्याध्यापिकेकडे पाहिलं.
बहुतेक लागतात, ती म्हणाली.
विज्ञानाच्या दोन खोल्या राहिल्यात.
ते 'बहुतेक' मी जसंच्या तसं दिलं.
ना वजन घातलं, ना काढलं.

बाहेर व्हर्लिन हास त्याच्या ट्रकला टेकून उभा.
मी नीट सांगितलं ना? त्याने विचारलं.
माझे तास संपले होते.
मी मान हलवली, कोणत्याच भाषेत नाही.

घरी मुलगी जागी.
काय म्हणाले? लॉकर मिळणार ना? निळे की करडे?
मी म्हटलं, मैदानावरून आलीस
की बूट दाराबाहेर काढायचे.
आई, ती म्हणाली,
शाळा अजून उघडलीसुद्धा नाही.