धुक्याची वही

एप्रिलचा दुसरा आठवडा, तरी नेमुरोत जिमच्या मागे
बर्फाचा एक मळका ढीग अजून हटून बसलेला.
आत सगळ्या क्लबांनी टेबलं मांडलीत
आणि नवी पोरं, गणवेशाच्या लांब बाह्यांत बोटं लपवून,
एकेका टेबलापुढून सरकतायत
परक्याच्या लग्नात शिरल्यासारखी.

ब्रासबँडवाल्यांनी ट्यूबा उघडा ठेवलाय, फुंकून बघा म्हणे.
व्हॉलीबॉलच्या मुलींचा आवाज छताला लागतो.
चहा-समारंभाच्या टेबलावर फुकट मिठाई,
तिथे रांग, आणि सह्या शून्य.

माझं टेबल दाराशी, वाऱ्याच्या तोंडावर.
पाटी मीच रंगवली: हवामान निरीक्षण क्लब.
खाली बारीक अक्षरात: सदस्य एक.
ते लिहायला नको होतं.

ओनोदेरा सर म्हणाले, महिनाअखेर तीन जण हवेत,
नाहीतर खोली गिटारवाल्यांना.
गिटारवाले परवाच टेप घेऊन आले, भिंत मोजून गेले.
टेपचं दुसरं टोक मी धरलं.

आमचं काम सांगायला अर्धं मिनिट पुरतं.
सात चाळीसला गच्चीवर जायचं,
दारामागच्या खोक्यातून वही काढायची, समुद्राकडे बघायचं.
दीपगृह दिसलं तर पाच.
शीतगृहाचं छप्पर, चार.
धक्क्यावरची क्रेन, तीन.
शाळेचं फाटक, दोन.
स्वतःचा हात, एक.
एकोणचाळीस वर्षांच्या वह्या आहेत कपाटात.
त्या उघडून कुणी काही विचारलेलं नाही.

ती आली ती पेन मागायला.
कुशिदा नागिसा, नाव मी अर्जावर उलटं वाचलं.
अर्ज व्हॉलीबॉलचा. मैत्रीण मागे उभी,
दप्तराचा पट्टा ओढत, "अगं, आटप ना."
क्लबासाठी रकाना एकच.
एक विद्यार्थी, एक क्लब. नियम क्रमांक आठ.

लिहिता लिहिता तिची नजर वहीवर गेली.
पान गेल्या वर्षीचं, नऊ जुलै. दोन.
"हे चुकलंय," ती म्हणाली.
मी स्वतः बघितलं होतं, म्हटलं,
फाटकापलीकडे काहीच नव्हतं.
"नसेल. पण ते धुकं नव्हतं.
आमची शेड जळत होती, कोंबू वाळवायची.
धूर टेकडी चढून इथवर आला असणार."

घड्याळात किती वाजले ते सांगावं, तसं सांगितलं.
तेवढ्यात कुणीतरी ट्यूबा फुंकला,
गाभण गाय हंबरावी तसा. मैत्रीण हसली.
मी आठवून आठवून बघितलं:
थंडी वाजत होती,
आणि दोन लिहून मी खाली वर्गात गेलो होतो.
वास?
आला असेल.
वहीत वासाला रकाना नाही.

मी आकड्यावर रेघ मारायला गेलो.
"खोडू नका. दिसलं ते दोनच ना?
शेजारी लिहा."
लिहिलं. धूर. कुशिदांची शेड.
मग ती अर्ज घेऊन पलीकडे गेली,
तिथे टाळ्या पडल्या.
माझं पेनही गेलं.

संध्याकाळी पाटी गुंडाळली.
सर म्हणाले, बघू.
सरांचं बघू तीन वर्षांत मला चांगलं कळलंय.

आज मला उशीर झाला, सात एक्कावन्न.
गच्चीचं दार उघडं.
वही कठड्यावर, उडू नये म्हणून वर दगड.
शाई माझ्या पेनाची, अक्षर माझं नाही:
क्रेन दिसते, पण तिचा वरचा हात दिसत नाही.
मग अडीच लिहू का?

खाली जिममध्ये चेंडू आपटत होते,
एक झाला की जरा थांबून एक.
नियम आठ मी मनात पुन्हा वाचला.
त्यात अर्जाबद्दल आहे.
समुद्राकडे कुणी बघावं, याबद्दल काही नाही.

लिहिलं: अडीच चालेल.
आणि दगड होता तिथे ठेवला.