डॉक्टरनं विचारलेलं

कुठून सुरू होतं, डॉक्टरनं विचारलं.
घरात आम्ही नडुमु म्हणतो. इथं म्हटलं, कंबर.
कमरेतून कुल्ल्यात, मांडीच्या मागून,
पोटरीत चमक, आणि मग
करंगळीला मुंग्या.
बीमवरची तार तुटते तसं, म्हणालो,
पण हिला गाठ मारता येत नाही.

त्यांनी फिल्म उजेडाला धरली.
मणक्यातली गादी सरकलीय, नस दाबतेय.
हसूच आलं मला.
एकतीस वर्षं चादरी विणल्या,
आपल्याही आत एक गादी असते हे
अक्कलकोट रोडच्या ह्या दवाखान्यात कळलं.

वजन उचलता?
बीम. आता दोघं धरतो.
पूर्वी जोडीदार दांडी मारायचा तेव्हा एकटाच,
उचलून, तसाच कमरेत वळून,
कारण दोन मागांमधली वाट
पाय फिरवण्याइतकी नसते.
उभं किती वेळ?
शिफ्टभर. बारा तास.
साखर?
आहे.
विडी?
नाही. घरात हजार असतात,
पण सगळ्या मोजलेल्या.
तंबाखू मात्र, म्हणालो,
आणि खिशावर हात ठेवला.

मागच्या खिशात काय आहे?
काढून ठेवलं टेबलावर:
पाकीट, त्यात पतसंस्थेच्या पावत्या,
गेटपास, घडी घातलेलं लाईटबिल,
बंद पडलेल्या गिरणीतलं वडलांचं ओळखपत्र.
ह्याच्यावर बसून मोपेड चालवता?
एका बाजूला कलता, म्हणाले. रोज.

मग ते लिहू लागले, लिहिता लिहिता बोलत.
नुसतं उचलण्यानं होतं असं नाही हो.
बसण्यानंही होतं.
मांडीवर काही घेऊन, पुढं वाकून,
तासन्‌तास जे बसतात, त्यांना तर...

मी मागं वळून पाहिलं.

बाकड्यावर नरसव्वा.
फिल्मचं रिकामं पाकीट मांडीवर
सुपासारखं आडवं.
हात मोकळे, तरी अंगठा फिरतोय तर्जनीवर,
नसलेलं पान वळतोय.
उठताना ती भिंतीला हात लावते.
पायऱ्या उतरताना दर वेळी
डावा पाय आधी टाकते.
मला वाटायचं, तिची चालच तशी.

रिक्षात विचारलं, तुझंपण?
डावा, म्हणाली. धाकट्याच्या वेळेपासून.
पोटात होता तेव्हाच सुरू झालं.
धाकटा आता बीएस्सीला आहे.

सांगायचं नाही होय?

तिनं औषधांची पिशवी
ह्या हातातून त्या हातात घेतली.
सांगितलं होतं.
तुम्ही माग बंद केला नाही,
तिथूनच ओरडून म्हणालात,
वात असेल.

कन्ना चौकाच्या अलीकडे खड्डा आला.
दोघांनी एकदमच
समोरचा दांडा धरला.