आडनाव आधी

आडनाव आधी. मग नाव.
जन्मतारीख ठाऊक असेल तर उत्तम, नुसतं सालही चालेल.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आमच्या काउंटीत ती उतरावी लागते.
अकरा पायऱ्या, शेवटची जरा उंच,
त्यामुळे येणारा प्रत्येक जण
माझ्या खिडकीपुढे किंचित अडखळूनच उभा राहतो.

ब्याण्णवनंतरचं सगळं कॉम्प्युटरवर आहे.
घरी बसून पाहा, रात्री दोनला पाहा,
कुणाला धरलं, कशासाठी, जामीन किती,
आणि फोटो, ज्यात सगळेच
नुकते झोपेतून उठवल्यासारखे.
त्याआधीचं माझ्याकडे:
हिरव्या कापडी पाठीच्या वह्या, कार्डांचे खण,
त्यातला एक ओढण्याआधी थोडा उचलावा लागतो.

का हवंय, हे विचारायचं नाही असा नियम आहे.
मी विचारत नाही. लोक सांगतात.
मुलीचा नवा मित्र. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू.
डार्लीन दर सोमवारी स्वतःचंच नाव बघायला येते,
पुसलं गेलं का म्हणून.
न्यायाधीशांनी पुसायला सांगितलंय, मार्चमध्ये.
कुठल्या मार्चमध्ये, ते आम्ही दोघी बोलत नाही.

काचेवर मी एक कागद चिकटवलाय:
अटक म्हणजे गुन्हा नव्हे. शेवटचा रकाना वाचा.
लोक पहिला वाचतात आणि वर निघून जातात.

मक्याची कापणी चालू असताना ऑर्व्हिल व्होंड्रा आला.
सत्तरीला टेकलेला, टोपीवर भुसा.
वडील, म्हणाला. लॅडिस्लाव. एकसष्ट, नाहीतर बासष्ट.
‘व्ही’चा खण काढला.
व्होंड्रा नव्हताच.

आता सांगते ते कुठल्याच फलकावर लिहिलेलं नाही.
नाव सांगणाऱ्याच्या तोंडाने शोधू नका.
लिहिणाऱ्याच्या कानाने शोधा.
त्या वर्षी रात्रपाळीला जो डेप्युटी बसायचा
तो एका कानाने बहिरा होता,
आणि चेक नावं त्याच्या बहिऱ्या बाजूने यायची.

आम्ही फोंड्रा पाहिला, बाँडर पाहिला,
मधे मी कॉफी केली, त्याने घेतली नाही.
‘डब्ल्यू’त, अगदी मागे, दोन कार्डं चिकटलेली, त्यांच्या मध्ये:
वाँडर, लॅरी. शेतमजूर. वय एकतीस.
डाव्या अंगठ्याला नख नाही.

अंगठा त्याचाच, ऑर्व्हिल म्हणाला.

आरोप: सार्वजनिक रस्त्यावर झोपणे.
शेवटचा रकाना: सोडून दिले. पत्नी न्यायला आली.

आणि टाचणीला फोटो, दोन,
एक समोरून, एक बाजूने,
खांद्यावर गंजाचा डाग.
घर सहासष्टला जळालं, तो म्हणाला, आल्बमसकट.
त्याच्या आधीच वडील धान्याच्या कोठीत गेले होते.
मी पाच वर्षांचा. मला त्यांचे बूट आठवतात.

फोटोतला माणूस हसत होता, थोडासा,
जसं कॅमेऱ्यामागच्या कुणीतरी काही म्हटलं असावं
आणि त्याला इंग्रजी अर्धंच कळलं असावं.

प्रत एक, पन्नास सेंट.
त्याने एक डॉलर पुढे केला. दोन्ही, म्हणाला.
मशीन तापेपर्यंत तो काचेपाशी उभा राहिला,
आणि मी बघत नाही असं वाटून
मान हळूच बाजूला वळवली,
डोळ्याच्या कोपऱ्यातून काचेत पाहिलं,
नाक, हनुवटी.

मी बघत होते.
पण तसं दाखवलं नाही,
पावतीपुस्तक ओढलं, पेन झटकलं,
आणि म्हणाले, आडनाव सांगा.
अक्षर न् अक्षर सांगा, मिस्टर व्होंड्रा.
मला घाई नाही.